साहेबांचं कोंबडीचं दुकान

जावई घरी आला की काय करायचं हे मराठी सासूला कुणी शिकवावं लागत नाही. कोरियातल्या सासूलाही लागत नाही. तिकडे एक जुनी म्हण आहे. तिचा मथितार्थ असा, की जावई दारात दिसला की सासू अंडी-पिल्लांसाठी राखून ठेवलेली कोंबडीसुद्धा कापते. ही कोंबडी म्हणजे गरीब शेतकऱ्याच्या घरातली छोटीशी बँकच. ती कापायची म्हणजे मुदतीच्या आधी ठेव मोडायची. जावयाचा मान राखण्यासाठी तेवढं करायला हवं, असं ती म्हण सांगते.

मात्र ही कोंबडी तळली जात नसे, उकडली जाई. लसणाच्या पाकळ्या घालून सबंध कोंबडी मोठ्या भांड्यात शिजवायची, तिच्या पाण्याची पेज करायची आणि घरच्या दहा माणसांना पुरवायची. कोंबडी एक आणि तोंडं दहा असली की उकडण्यासारखा दुसरा उपाय नाही. तळायचं तर तेल हवं, आणि तेल ही शतकानुशतकं कोरियन स्वयंपाकघरातली चैनीची वस्तू होती. तिळाचं तेल असे, पण ते थेंबाथेंबानं वापरायचं. नाही म्हणायला, पंधराव्या शतकाच्या मध्यात जन सुनुई नावाच्या राजवैद्यानं लिहिलेल्या पाककृतींच्या हस्तलिखितात कोंबडी तेलात परतून शिजवण्याची एक कृती आहे. कोरियन लोक ती अभिमानानं दाखवतात. पण राजवाड्याच्या आसपासच्या एका कृतीवरून देशाची खाद्यसंस्कृती ठरत नाही, असं माझं आपलं मत. आज जगभर ज्याला ‘कोरियन फ्राइड चिकन’ म्हणतात तो पदार्थ जेमतेम पन्नाशीचा आहे. शाकाहारी श्रोत्यांनी पुढचं काही वेळ सोसून घ्यावं. ही गोष्ट कोंबडीची कमी आणि माणसांची जास्त आहे.

नोकरीच्या निमित्तानं मी २००५ नंतरची दोन वर्षं सुवॉन या गावी काढली. सोलच्या दक्षिणेला, लोकलनं तासाभरावर. तिथं पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं, की आपल्याकडे कोपऱ्याकोपऱ्यावर चहाची टपरी असावी तशी तिथं तळलेल्या कोंबडीची दुकानं आहेत. एका गल्लीत सहा. इतकी दुकानं कशासाठी? एवढी कोंबडी खातं तरी कोण? या साध्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी कोरियाच्या अर्थव्यवस्थेपर्यंत जाऊन पोहोचलो.

सुरुवात युद्धानंतरची. १९५० ते ५३ या तीन वर्षांत कोरियाची राखरांगोळी झाली. अमेरिकन सैन्य तिथं राहिलं आणि त्याच्या छावण्यांभोवती अमेरिकन अन्नाची ओळख झाली. तळलेली कोंबडी अशाच एखाद्या छावणीतून गावात आली असं सांगितलं जातं. पण सर्वसामान्य कोरियन माणसाला कोंबडीचं वेड लावलं ते तळणीनं नव्हे, विजेच्या भट्टीनं. १९६० साली सोलच्या म्यंगदोंग भागात ‘यंग्यांग सेंटर’ म्हणजे ‘पोषण केंद्र’ अशा सरकारी थाटाच्या नावाचं एक दुकान निघालं. दर्शनी काचेमागे सळईवर सबंध कोंबड्या फिरताहेत, चरबी टपकते आहे आणि रस्त्यावरची माणसं बघत उभी आहेत. दुकानाचं नावच पोषण! अर्धपोटी देशात याहून चांगली जाहिरात कुठली? हे दुकान आजही चालू आहे.

माझ्या ऑफिसातले पन्नाशीचे सहकारी त्या काळाबद्दल बोलू लागले की एका पिवळ्या कागदी पिशवीवर येऊन थांबत. वडिलांच्या पगाराचा दिवस. रात्री उशिरा वडील घरी येणार, तोंडाला थोडा दारूचा वास, आणि हातात तेलानं डागाळलेली पिवळी पिशवी. आत सबंध तळलेली कोंबडी. तिला ‘थोंगदाक’ म्हणत. झोपलेली भावंडं वासानंच उठत. महिन्यातून एकदा, तेही महिना बरा गेला असेल तर.

पुढच्या दहा वर्षांत तीन गोष्टी जुळून आल्या. १९७१ च्या सुमारास सोयाबीनचं तेल कारखान्यात मोठ्या प्रमाणावर निघू लागलं आणि वाण्याकडे बाटलीत मिळू लागलं. ब्रॉयलर कोंबड्यांचे पद्धतशीर व्यवसाय उभे राहिले. आणि १९७७ साली सोलमधल्या शिनसेगे या मोठ्या दुकानाच्या तळघरात यू सॉकहो यांनी ‘लिम्स चिकन’ सुरू केलं. त्यांनी कोंबडी सबंध न तळता तिचे तुकडे केले आणि तुकड्यावर विकले. आज यात विशेष वाटत नाही. पण सबंध कोंबडी घेण्याइतके पैसे ज्याच्या खिशात नाहीत त्याला दोन तुकडे घेता येऊ लागले. लिम्स ही कोरियातली तळलेल्या कोंबडीची पहिली साखळी. १९८४ साली अमेरिकेची केएफसी सोलच्या चोंगनो भागात आली तेव्हा तळलेल्या तुकड्यांची सवय लोकांना लागलेली होती.

मग या पदार्थाला ‘कोरियन’ कुणी केलं? त्यासाठी दक्षिणेकडच्या तेगू शहरात जावं लागतं. आजूबाजूच्या गावांत कोंबड्या पाळणारे पुष्कळ, त्यामुळे तेगूला कोंबडीचा व्यापार जुना. १९८० च्या आसपास तिथं युन जोंगग्ये नावाचे एक दुकानदार होते. दुकान अगदी लहान. गिऱ्हाइकांची तक्रार अशी, की कोंबडी गार झाली की चरचरीत आवरण टाळूला बोचतं आणि आतलं मांस कोरडं लागतं. युन यांनी लाल मिरची, लसूण वगैरे घालून एक रस्सा करून बघितला. सहा महिने खटाटोप चालला, चव काही जमेना. शेजारच्या एका आजीबाईंनी सांगितलं, ‘‘अरे, त्यात थोडा मुल्योत घाल की.’’ मुल्योत म्हणजे धान्याच्या पिठापासून केलेला पाक, आपल्या काकवीसारखा दाट. तो घातला आणि मसाला तुकड्याला चिकटून बसला. तिखट, गोड, लसणीचा, चमकदार लाल. हेच ते ‘यांग्न्योम चिकन’. तळणाचा कंटाळा येऊ नये म्हणून आंबटगोड पाण्यात मुरवलेल्या मुळ्याचे पांढरे चौकोनी तुकडे सोबत द्यायचे, ही पद्धतही त्यांच्याच नावावर सांगतात. युन यांनी पेटंट घेतलं नाही. त्यांच्या दुकानाच्या साखळीचं नाव होतं ‘मेक्सिकन चिकन’. मेक्सिकोशी त्याचा काडीचा संबंध नव्हता! अशी नकलेला मोकळी असलेली कल्पना कोण सोडतो? आठ-दहा वर्षांत डझनभर साखळ्या निघाल्या. त्यांतल्या १९८८ सालच्या एकीचं नाव ‘छगाजिप’, म्हणजे सासुरवाडी. ती जुनी म्हण दुकानदारालाही आठवली असणार.

१९९१ साली तेगूजवळच्या गुमी या गावी क्वॉन वॉनगांग यांनी ‘क्योचोन’ नावाचं दुकान काढलं. तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली होती आणि त्याआधी ते टॅक्सी चालवत. टॅक्सीचा परवाना विकून भांडवल उभं केलं. सोया सॉस आणि लसूण यांचा पातळ थर ब्रशनं एकेका तुकड्याला लावायचा, ही त्यांची खासियत. पुढे क्योचोन देशातल्या सर्वांत मोठ्या साखळ्यांपैकी एक झाली. हे यश खरं आहे, पण मला वाटतं त्यानं पुढे पुष्कळांना फशीही पाडलं. टॅक्सीवाला करू शकतो तर मी का नाही, असं म्हणणाऱ्यांची पाळी सहा वर्षांनी येणार होती.

१९९७ चा नोव्हेंबर. थायलंडमधून सुरू झालेलं चलनाचं संकट कोरियात पोहोचलं, परदेशी गंगाजळी आटली आणि सरकारला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढे हात पसरावा लागला. सुमारे ५८ अब्ज डॉलरच्या मदतीचा करार डिसेंबरात झाला. कोरियन माणूस आजही या काळाला नुसतं ‘आय-एम-एफ’ म्हणतो. ‘आय-एम-एफच्या वर्षी आमचं लग्न झालं’ असं. लोकांनी देशासाठी अंगावरचं सोनं काढून दिलं. सुमारे ३५ लाख लोकांनी २२७ टन. त्या रांगांची छायाचित्रं जगभर छापून आली. बाकीचं मात्र तेवढं छापून आलं नाही. जून १९९८ मध्ये पाच बँका एकाच वेळी बंद करून दुसऱ्या बँकांना जोडल्या गेल्या. पुढच्या वर्षी देवू हा अवाढव्य उद्योगसमूह कोसळला. आपल्या रस्त्यांवर तेव्हा धावणाऱ्या सिएलो आणि मॅटिझ या मोटारी त्यांच्याच. १९९९ च्या सुरुवातीला बेकारी आठ टक्क्यांच्या वर गेली. ज्या देशात कंपनीत चिकटलं की आयुष्याची सोय झाली असं दोन पिढ्या मानत आल्या, तिथं पंचेचाळिशीची माणसं कोट-टाय घालून सकाळी घराबाहेर पडत आणि दिवसभर बागेत बसून राहत. बायकोला सांगणार कसं?

नोकरी सुटण्याला तिकडे शब्द आहे ‘म्यंग्ये थेजिक’, म्हणजे ‘सन्मानाची निवृत्ती’. आपल्याकडे बँकांतून ‘व्हीआरएस’ आली होती, ती आठवा. स्वेच्छेची निवृत्ती, पण इच्छा कुणाची ते विचारायचं नाही! कायद्यानं नोकरीच्या दर वर्षामागे किमान एका महिन्याचा पगार हातात पडे. वीस वर्षांची नोकरी म्हणजे वीस पगार एकरकमी. या रकमेवर उरलेलं आयुष्य निघत नाही आणि मुलांची शिक्षणं तर ऐन भरात. मग करायचं काय?

उत्तर गल्लोगल्ली सारखंच आलं. साखळीवाल्या कंपन्या जाहिराती देत होत्या : पंधरवड्याचं प्रशिक्षण, मसाला आमचा, कोंबडी आमची, पाटी आमची, तुम्ही फक्त तळायचं. उपाहारगृह काढायला स्वयंपाकी लागतो, इथं लागत नाही. जागा लहान चालते, कारण निम्मा माल स्कूटरवरून घरोघर जातो. बायको गल्ल्यावर, नवरा कढईवर, कॉलेजातला मुलगा स्कूटरवर. घरच्यांना पगार द्यायचा नाही म्हणून हिशेब जुळतो. खरं तर तेवढ्यामुळेच जुळतो. गिरण्या बंद पडल्यावर वडापावची गाडी लावलेलं एखादं घर ज्यांनी जवळून पाहिलं आहे त्यांना मी याहून जास्त काय सांगू?

सुवॉनला माझ्या घराखाली असंच एक दुकान होतं. चार टेबलं. मालक साठीच्या उंबरठ्यावरचे, पांढरा शर्ट नेहमी इस्त्रीचा, वर एप्रन. कोरियात गिऱ्हाइकं दुकानदाराला ‘साजांगनिम’ अशी हाक मारतात. साजांग म्हणजे कंपनीचा सर्वोच्च अधिकारी आणि निम हा आपल्या ‘साहेब’सारखा आदराचा शेपूट-शब्द. कारखान्याच्या प्रमुखालाही साजांगनिम, चार टेबलांच्या मालकालाही साजांगनिम. माझा सहकारी एकदा हळूच म्हणाला, ‘‘हे पूर्वी बँकेत होते. शाखेत दुसऱ्या नंबरचे. अठ्ठ्याण्णवला गेले.’’ मी मोडक्यातोडक्या कोरियनमध्ये मालकांना विचारलं, बँक बरी की हे? ते हसले. म्हणाले, ‘‘बँकेत मला साजांगनिम व्हायला आणखी पंधरा वर्षं लागली असती. इथं तीन आठवड्यांत झालो.’’ आणि वळून कढईकडे गेले. हातावर कोपरापर्यंत तेलाच्या भाजण्याचे ठिपके होते.

२००२ च्या उन्हाळ्यात या दुकानांना सोन्याचे दिवस आले. विश्वचषक फुटबॉल स्पर्धा कोरिया आणि जपानमध्ये झाली आणि कोरियाचा संघ चक्क उपांत्य फेरीत गेला. लाल टी-शर्ट घातलेले लाखो लोक चौकाचौकांत, आणि हातात चिकन आणि मेक्जू म्हणजे बिअर. दोन शब्दांची आद्याक्षरं जोडून ‘चिमेक’ झालं. पुढे २०१३-१४ मध्ये गाजलेल्या एका दूरचित्रवाणी मालिकेतल्या नायिकेला पहिला बर्फ पडला की चिमेक हवं असे, म्हणून चीनमध्येही त्याचं वेड पसरलं. २०२१ साली ‘चिमेक’ ऑक्सफर्डच्या कोशात गेलं.

पण याच काळात दुकानदार एकमेकांना खाऊ लागले होते. २००३ च्या डिसेंबरात बर्ड फ्लू आला आणि गिऱ्हाईक काही काळ फिरकेनासं झालं. ‘साओजंग’ हा शब्द तेव्हा विनोदानं वापरत. अर्थ, पंचेचाळीस हेच निवृत्तीचं वय. म्हणजे नवे साजांगनिम येतच होते. २०१९ साली केबी या वित्तसमूहाच्या संशोधन संस्थेनं मोजदाद केली तेव्हा देशात सुमारे ८७ हजार चिकनची दुकानं निघाली. सव्वापाच कोटींच्या आतली लोकसंख्या. म्हणजे दर सहाशे माणसांमागे एक दुकान. मॅकडोनाल्ड्सची तेव्हा सगळ्या जगात मिळून इतकी नव्हती, निम्म्याहूनही कमी होती. त्याच अहवालात आणखी एक आकडा होता. २०१८ साली सुमारे ६,२०० दुकानं उघडली आणि ८,४०० बंद झाली. तरुण इंजिनिअर एक तक्ता काढून दाखवतात : विज्ञान शिका, वाणिज्य शिका, वरून कुठलाही बाण निघो, शेवटच्या चौकटीत ‘चिकनचं दुकान’. २०१९ मध्येच, पाळत ठेवण्यासाठी चिकनचं दुकान काढणाऱ्या पोलिसांवरचा ‘एक्स्ट्रीम जॉब’ हा विनोदी चित्रपट आला आणि एक कोटी साठ लाखांवर लोकांनी तो चित्रपटगृहात पाहिला. हसणाऱ्यांत किती जणांच्या घरी कढई असेल!

पैसा जातो कुठे? गिऱ्हाईक म्हणतं, एका कोंबडीला वीस हजार वॉन, म्हणजे आपले बाराशेच्या घरात, ही लूट आहे. दुकानदार म्हणतो, मला यातलं फार थोडं उरतं. दोघंही खरं बोलतात. साखळीची कंपनी नावाच्या हक्काचे पैसे थोडे घेते, पण कोंबडी, तेल, मसाला तिच्याकडूनच घ्यावा लागतो आणि तिचा नफा त्या मालात असतो. वर घरपोच सेवेच्या मोबाइल ॲपचं कमिशन. सर्वांत मोठ्या ॲपनं २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते ९.८ टक्क्यांवर नेलं तेव्हा बराच गदारोळ झाला. डिसेंबर २०१० मध्ये लोट्टे मार्ट या बड्या दुकानसाखळीनं पाच हजार वॉनला कोंबडी विकायला काढली. लोकांनी सकाळपासून रांगा लावल्या, गल्लीतल्या दुकानदारांनी आकांत केला आणि आठवड्याभरात विक्री बंद करावी लागली. २०२२ साली होमप्लस या दुसऱ्या साखळीनं ६,९९० वॉनला तेच केलं, तेव्हा मात्र सहानुभूतीचा पारडा गिऱ्हाइकाकडे झुकलेला होता. महागाईनं माणूस बदलतो. स्वस्त कोंबडी घेणाऱ्याला मी दोष देणार नाही. पण रांग कुणाच्या दारावरून जाते आहे तेही दिसायला हवं.

३० ऑक्टोबर २०२५ च्या संध्याकाळी सोलच्या गंगनाम भागातल्या ‘कानबू चिकन’ या दुकानात एनव्हिडिया, सॅमसंग आणि ह्युंदाई या तीन कंपन्यांचे प्रमुख शेजारी शेजारी बसून चिमेक करताना साऱ्या जगानं पाहिले. कानबू म्हणजे लहानपणीच्या खेळातला सवंगडी. दुसऱ्या दिवशी म्हणे रांगा. त्या फोटोत मी उगाच कढईमागचा माणूस शोधत होतो.

तर आता खायचं कुठे? सुवॉनला गेलात तर ह्वासॉंग हा अठराव्या शतकातला, जागतिक वारशात गेलेला किल्ला पाहा आणि त्याच्या दक्षिण दरवाजाजवळच्या थोंगदाक गल्लीत शिरा. इथं १९७० पासूनचं माएह्यांग थोंगदाक आहे, योंगसॉंग आणि जिनमी आहेत. मोठ्या बिडाच्या काहिलींत कोंबडी तळतात, मसाल्याची पुटं नाहीत, बाजूला तळलेली पेटी आणि पायही देतात. पिवळ्या पिशवीतली चव बहुधा अशीच असावी. तेगूला प्यंगह्वा बाजारात नुसत्या तळलेल्या पेटीची एक सबंध गल्ली आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला रोजंदारीवरच्या मजुरांना दारूबरोबर फुकट दिली जाणारी ही पेटी पुढे विकली जाऊ लागली. तेगूतच २०१३ पासून उन्हाळ्यात दुर्यू बागेत चिमेक महोत्सव भरतो. गर्दी आवडत असेल तर जा. सोलमध्ये हान नदीकाठच्या यॉइदो किंवा बानपो बागेत चटई टाकून फोनवरून कोंबडी मागवता येते, ठरलेल्या जागी जाऊन घ्यायची. पुण्यालाही रांजणगाव-तळेगावच्या कोरियन कारखान्यांमुळे कोरियन खानावळी आल्या आहेत. चांगल्या दुकानाची खूण सांगतो : आवरण पातळ हवं, बटाट्याच्या स्टार्चचं, अमेरिकन पद्धतीसारखं खडबडीत जाड नको. कोंबडी लहान, किलोभराची. पुष्कळ ठिकाणी ती दोनदा तळतात : आधी मंद, मग थोडा वेळ बाहेर ठेवून आतला ओलावा वर येऊ देतात आणि तो दुसऱ्या, जास्त तापलेल्या तेलात उडवून लावतात. म्हणून मसाला लावला तरी कुरकुरीतपणा टिकतो.

माझी शिफारस मात्र कुठल्याही मोठ्या नावाची नाही. स्टेशनपासून दोन गल्ल्या आत, चार-पाच टेबलांचं, नवरा-बायको चालवत असलेलं दुकान बघा. रात्री नऊच्या पुढे जा, ऑफिसं सुटलेली असतात. काय मागवावं कळत नसेल तर ‘बानबान’ म्हणा, म्हणजे निम्मी साधी, निम्मी लाल. आणि मुळा जास्त मागा, आनंदानं देतात. हाक मारताना नाव विचारायची गरज नाही. ‘साजांगनिम’ म्हटलं की कढईमागून मान वर होते.